नंदीच्या कानात सांगितलेलं

आयडी म्हणजे काय असतं हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, श्रावणातल्या एका रविवारी, भरल्या ताटावर कळालं. माझे थोरले दीर आबासाहेब यांनी मी एकांतात फोनला विचारलेला प्रश्न सगळ्या घरासमोर मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा.

रेणुकाबाईला राग येत नाही, असं गावात म्हणतात. माझा आवाज बारीक आहे म्हणून असेल. चातुर्मासात मी एक वेळ जेवते, तेही मौनानं. जेवताना बोलायचं नाही. बोललं तर ताट सोडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. एकोणीस वर्षांत ताट सोडायची वेळ आली नव्हती. खोटं बोलायचं नाही हा बारमाही नेम. हे देवासाठी आहे, लोकांना सांगायसाठी नाही. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून लिहिलं.

आणखी एक. जिची ही गोष्ट आहे तिचं नाव मी बदललंय, तिच्या नवऱ्याचं अन् सासूचंही. गावाचं नाव मी घेणारच नाही. पिंगळीचं स्टेशन जवळ आहे, एवढं पुरे. आणि हे लिहायच्या आधी तिला विचारलंय. विचारावं लागतं. तेच तर सांगायचंय.

आमच्या महादेवाच्या देवळातला नंदी काळ्या दगडाचा. त्याचा उजवा कान बायांच्या ओठांनी गुळगुळीत झालाय. डावा कान तळहातानं झाकायचा, म्हणजे सांगितलेलं पलीकडून बाहेर पडत नाही, आणि उजव्यात सांगायचं. रोज सकाळी त्याला तेल मीच लावते. किती जणींनी काय काय सांगितलं असेल त्याला! पण आजवर कुणाचं एक अक्षर त्याच्याकडून बाहेर आलं नाही. म्हणून तर त्याच्यापाशी जायचं.

प्रियंका आमच्या घरापासून तिसऱ्या घरातली सून. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. परभणीला दोनदा तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तिच्यात काही निघालं नाही. तरी तिची सासू सरजाबाई चारचौघीत म्हणायची, "पोळा झाला की आम्ही गंगाखेडला तिच्या माहेरी नेऊन घालतो. फारकत घेतो अन् हरिओमचं दुसरं करतो." नुसती बोलायची असं नाही. पोरगी बघून ठेवली होती. हरिओम स्वभावानं गरीब, बायकोवर जीव असलेला. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी देवळात कोणी नव्हतं. मी वाती वळत होते. प्रियंका नंदीजवळ बराच वेळ बसली, मग उठून माझ्यापाशी आली.

"काकी, नंदीला सहा वर्षं झाली सांगायलेय. आता तुमच्या फोनला एक इचारता का?"

"तुझ्या फोनला विचार की."

"माझ्या फोनात नणंद हात घालती. सासूबाई रोज म्हणतेत, दाव कोणाशी बोललीस. तुमच्या फोनला कोण हात लावणार? तुमी तर सोवळ्यातल्या."

मला ते पटलं. माझ्या फोनला कोण हात लावणार! इतकी मी शहाणी.

आमच्या घरातले सगळे फोन झरीच्या ओमप्रकाशच्या दुकानातले. त्यानं सगळ्यांत एकच आयडी टाकला होता. तेव्हा आबासाहेब म्हणाले होते, "बरं केलंस. चूल एक, रेशनकार्ड एक, तर आयडीबी एकच पाहिजे." प्रीतमचं, म्हणजे आबासाहेबांच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा नव्या सुनेचा, निकिताचा फोनही झरीला नेऊन त्यात तोच टाकून आणला. नवरीचं नाव बदलावं तसा. मला वाटलं, असेल काही ओळखपत्रासारखं. माणसं एकत्र राहतात, चांगलंच आहे की.

आम्ही दोघी घरी आलो. देवघराचं दार लोटलं. मला मराठीत टाइप करायला जमत नाही, म्हणून माइकचं चित्र दाबून फोन तोंडाशी धरला आणि हळूच विचारलं, "पुरुषाची तपासणी परभणीत कुठं होते?"

फोन म्हणाला, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला.

पुन्हा बोलले. त्यानं लिहिलं, 'पुस्तकाची तपासणी परभणी'.

प्रियंकानं पदर तोंडात कोंबला. कितीतरी महिन्यांनी तिला हसताना बघितलं. "काकी, जरा मोठ्यानं! त्याला काय कळायलंय तुमचं पुटपुटणं!"

मग मी एकोणीस वर्षांत बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं बोलले. उत्तर आलं. मग आणखी विचारलं. दोष पुरुषात असतो का? तपासणीला बायको लागते का? दुखतं का? फोन सांगत गेला. कारण कितीदा तरी पुरुषाकडं असतं. तपासणी साधी, सुई नाही, काही नाही. रिपोर्ट त्याच दिवशी.

प्रियंकाचं हसू गेलं. "सुईबी न्हाई? काकी, माझ्या अंगात किती सुया टोचल्या. मला टेबलावर आडवं पाडलं, दुर्बीण घातली. अन् त्यांना सुईबी न्हाई?"

त्या दिवसापासून माझ्या पोटात राग धरायला लागला होता. तो कोणावर आहे हे तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी भरताना तिनं सांगितलं. हरिओम तयार झाला होता. गुरुवारची वेळ घेतली होती. त्याची एकच अट होती. "म्हणले, येतो. पण तुझ्या-माझ्याशिवाय तिसऱ्याला कळालं, तर जिथं आसंल तिथून माघारी फिरीन. गावात तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई."

"तिसरी मी आहे," मी म्हणाले.

"तुमी कशाची तिसरी? तुमी नंदी."

हे सगळं शुक्रवारपर्यंतचं.

रविवारी दुपारी निकिता वाढत होती. प्रीतम पूर्ण्याला रेल्वेत आहे, तो ड्युटीवर होता. आबासाहेब आणि माझे यजमान सूर्यभानराव पाटावर बसले होते. मी देवघराच्या उंबऱ्याशी माझं वेगळं ताट घेऊन. दोनच घास झाले होते.

आबासाहेबांनी खिशातून फोन काढला. "सूर्यभान, दोन दिस झाले, मी सोयाबीनचा भाव बघाया जातो तर एकच जाहिरात. मूल होत नाही? आमच्याकडं या. म्हणलं मला कशाला? माझी बायको जाऊन सात वर्षं झाली. मग शोधायच्या खिडकीत बोट लावलं, तर खाली ही यादी. प्रत्येकाच्या म्होरं घड्याळाचं चित्र. ऐक."

आणि त्यांनी वाचलं. पोथी वाचावी तसं, एकेक शब्द सोडवून.

"पुस्तकाची तपासणी परभणी. हे काय मला कळालं न्हाई. पुरुषाची तपासणी परभणी. पुरुषात दोष असतो का. तपासणीला बायको लागते का. दुखतं का."

माझे शब्द. मी दार लोटून विचारलेले. माझ्या शब्दांचा वास त्या माणसाच्या तोंडाला यायला लागला होता.

"निकिता!" त्यांनी फोन पाटावर आपटला. "दोन वर्षं न्हाई झाली लग्नाला, अन् माझ्या पोरात दोष काढायलीस?"

निकिताच्या हातात भाकरी होती. "आबा, मी न्हाई इचारलं."

"मग कोण? ह्या घरात लेकरू व्हायचं वय दुसऱ्या कोणाचं हाय? पूर्ण्याला त्याच्या सोबत्यांना कळालं तर? बोलाव तुझ्या बापाला. उद्याच बोलाव. त्यालाबी वाचून दावतो."

निकिता माझ्याकडं बघत नव्हती. कोणाकडंच बघत नव्हती. भाकरीचे तुकडे होऊन तिच्या हातातून खाली पडत होते.

त्यांना माहीत होतं मी जेवताना बोलत नाही. गप्प बसायला मला देवाचं निमित्त होतं. निकितावर आलेलं निकितानं भोगलं असतं, मी ताट संपवून उठले असते, आणि माझं व्रत अखंड राहिलं असतं. त्या अखंड व्रताची मला तिथंच शिसारी आली.

"मी विचारलं," मी म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. थोरल्या दिराशी बोलायचं ते दाराआडून, पदर सावरून, तेही दुसऱ्याला उद्देशून. ते माझ्याकडं नाही, सूर्यभानरावांकडं वळले. "सूर्यभान, तुझी मंडळी काय म्हणायलीय?"

"मी विचारलं, भावजी. माझ्या फोनवर. निकिताचा काही संबंध न्हाई."

"कोणासाठी?"

"ते सांगणार न्हाई."

ते हसायला लागले. "म्हंजे सूर्यभानासाठी! काय रे? दोन पोरी उजवल्यास, अन् आता या वयात?" हसता हसता त्यांना ठसका लागला. निकितानं पाणी दिलं. ज्या हाताला आत्ता शिक्षा होणार होती, त्याच हातानं.

मी ताट उचललं आणि गाईपुढं ठेवलं.

संध्याकाळपर्यंत हे चहाच्या हॉटेलात पोचलं होतं. पोचवणारं दुसरं कोण असणार? सूर्यभानराव आले ते मान खाली घालून. माणसं त्यांना विचारत होती, "काय सूर्यभानराव, नवीन पेरणी का?" त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोक हसत होते तोवर ठीक होतं. पण हसणं थांबलं की माणसं विचार करतात. रेणुकाबाईकडं कोण येतं? देवळात तिच्यापाशी कोण बसतं? दोन दिवसांत कोणीतरी प्रियंकापर्यंत पोचलं असतं. आणि हरिओम गुरुवारी घरातून हललाच नसता.

सोमवारी सकाळी निकिता माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा फोन घेतला, कुठंतरी दाबलं आणि यादी उघडली. लांबच लांब यादी. "काकी, हे बघा. एक आयडी हाय ना, म्हणून तुमचं त्यांच्याकडं गेलं. तसं त्यांचंबी तुमच्याकडं आलंय. आबांचं सगळं हितं हाय, आठ महिन्यांचं." तिचे डोळे चमकत होते. "वाचू?"

मला वाचायचं होतं. खोटं कशाला बोलू? रविवारपासून पोटात अन्न नव्हतं, तिथं नुसता राग होता, आणि त्या रागाला ते वाचायचं होतं. निकिताचं बोट यादीवरून सरकलं. एक ओळ माझ्या नजरेस पडली.

"बंद कर," मी म्हणाले.

ती ओळ काय होती ते मी सांगणार नाही. वाईट नव्हती. उलट दया यावी अशी होती. म्हणून मला जास्त राग आला. ज्या माणसानं स्वतः कधीतरी दार लोटून असं काही विचारलंय, त्यानं माझं वाचून दाखवावं?

"तुला हे आयडीचं आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग तू कुठं विचारतेस तुझं?"

तिनं स्वतःचा फोन दाखवला. त्यात तिनं आपला वेगळा आयडी करून घेतला होता, आणि शोधायला दुसरंच यंत्र होतं. मला ते साधं दिसलं. एक पांढरी खिडकी, खाली रिकामं. "हे कोणी इचारलं ते लिहून ठेवत न्हाई काकी. आज काय इचारलं ते उद्याला जोडत न्हाई."

"मग ते पोट कशावर भरतं? फुकट कोण राबतं?"

"जाहिरात दावतंच की. पण खत इचारलं तर खताची, तेवढ्यापुरती. तुमी कोण, काल काय इचारलं, ते त्याला ठाऊकच नसतंय. म्हणून घरभर मागं लागत न्हाई." मग तिनं बजावलं, "पण नुसत्या त्याच्यावर विसंबायचं न्हाई. फोनात आपली नोंद ऱ्हाते, ती आपणच पुसायची. आयडी वेगळा ठेवायचा. कुलूप लावलं तरी कडी लावावीच लागती."

"कधीपासून वापरतेस?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं असतं, काय लपवायलीस गं."

विचारलंच असतं मी. त्याच शब्दांत. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तिनं माझ्या फोनातून तो आयडी काढला, नवा केला, ते विसरणारं यंत्र बसवलं. मी एकेक अक्षर शोधत त्यात माझं नाव लिहिलं. पुसलं. खिडकी पुन्हा उघडली. कोरी. जणू मी पहिल्यांदाच आले.

तिथून मी थेट झरीची गाडी धरली. ओमप्रकाश काउंटरमागं एक फोन उघडून बसला होता.

"सगळ्या घराला एक आयडी का टाकलास?"

"काकी, गावात सगळ्यांना आसंच करतो. माणसं पासवर्ड इसरतेत. एक आसला की मलाबी बरं. अन् घरातल्या घरात लपवायसारखं काय आसतंय हो?"

"तुझी बायको पोटुशी राहिली, तव्हा तू कोणाला सांगितलंस?"

"आँ? तिसरा महिना सरेपर्यंत कोणालाच न्हाई. आईनं शपथ घातली होती."

"का? लपवायसारखं काय होतं? चोरी केली होतीस का?"

"न्हाई, पण... दिष्ट लागती ना काकी."

"दिष्ट लागली. तू लावलीस. एका पोरीचा संसार जायलाय तुझ्या एका आयडीपायी."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती माझ्याकडं बघत राहिली. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं.

परत येताना देवळात गेले. सोमवार होता, बाया होत्या. सरजाबाई बेल वाहून माझ्याकडंच आल्या. "रेणुकाबाई, ऐकलं ते खरं का गं? कोणासाठी इचारलंस?"

"नंदीला विचारा. त्याला सगळं माहीत हाय."

"नंदी कुठं बोलतोय?"

"मग मी कशाला बोलू?"

त्या गेल्या, पण पायरी उतरताना वळून बघितलं. मला, आणि मग खांबाजवळ उभ्या असलेल्या आपल्या सुनेला. प्रियंकाचा चेहरा राखेसारखा झाला होता. सरजाबाई पार लांब गेल्यावर ती माझ्या अंगावरून जाताना एवढंच म्हणाली, "ते न्हाई म्हणायलेत काकी. म्हणतेत, आता स्टेशनावर दिसलो तरी लोक वळखतेल."

संध्याकाळी सोमवार सोडायला घरातले सगळे बसले. माझा पहिला घास व्हायचा होता. आबासाहेब म्हणाले, "उद्यापासून बायांचे फोन माझ्या कपाटात. काय इचारायचं ते मला इचारा. मी फोनला इचारून सांगीन."

मी घास घेतला, चावला, गिळला. म्हटलं, मौन मोडायचं तर रीतसर मोडू. मग पदर खांद्यावरच राहू दिला आणि त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"भावजी, आपला आयडी एकच होता. रेशनकार्डावानी. रेशनकार्डावर माझं नाव हाय, तसं तुमचंबी हाय. माझं विचारलेलं तुमच्याकडं आलं, तसं तुमचं माझ्याकडं आलं. आठ महिन्यांचं."

त्यांचा घास तोंडापाशी थांबला.

"मी वाचलं न्हाई. एक ओळ नजरंस पडली. एकच. मग मी बंद केलं."

"कोणती?" त्यांचा आवाज माझ्यापेक्षा बारीक निघाला.

"ते मी तुमालाबी सांगणार न्हाई, कोणालाच न्हाई. तुमचं मी झाकलं. माझं तुमी हॉटेलात नेऊन पसरलं. ज्या घरात पोरीच्या हातची भाकर खायची अन् तिच्याच बापाला बोलावून तिची यादी वाचायची, त्या घरात मी कशासाठी मौन धरू? देव काय म्हणंल? म्हणंल, बाई, तू गप्प ऱ्हाऊन माझं काय भलं केलंस? अन् फोन कपाटात ठेवायचेत ना? ठेवा. आधी तुमचा ठेवा."

निकिता वाढायचं सोडून भिंतीला टेकली होती. मी पुन्हा ताट उचललं. गाय माझी वाटच बघत होती.

मंगळवारी पहाटे मी देवाला फुलं काढत होते. सूर्यभानराव मागं येऊन उभे राहिले. रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"दोन दिस झाले, जेवली न्हाईस तू."

मी परडीत फुलं टाकत राहिले.

"मला काही सांगू नको. मी इचारीत न्हाई." ते जास्वंदीच्या झाडाकडं बघून बोलत होते. "पण गावानं ठरवलंच हाय की तपासणी माझी करायचीय. तर म्हणलं करून यावी. ती कोणत्या वारी हाय?"

माझ्या हातातलं फूल खाली पडलं.

"गुरुवारी," मी म्हणाले.

"मग गुरुवारी मी परभणीला निघतो. सोबत एखादा जवान गडी पाहिजे. माझ्यानं एकट्यानं त्या दवाखान्यात जायचं म्हंजे लाज वाटती." त्यांनी पडलेलं फूल उचलून बाजूला ठेवलं. "हरिओमला सांगू का? शेजारचा हाय. मोकळा आसतो. गावातल्या काकाला सोबत म्हणून आला, तर त्याला कोण काय म्हणणार हाय?"

त्यांना कसं कळालं, मी विचारलं नाही. सोमवारी देवळावरून जाताना त्यांनीही सरजाबाईंचं वळून बघणं बघितलं असेल. अठ्ठावीस वर्षं मी या माणसाला शांत स्वभावाचा समजत होते. त्यांच्या आत काय आहे ते फक्त आजवर कोणी वाचलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पिंगळीच्या स्टेशनावर गावातले चौघेजण होते. मी डबा द्यायला गेले होते. हरिओम मागं, पिशवी धरून, खाली मान घालून. एकानं हाक मारलीच, "सूर्यभानराव, कुठं निघाली स्वारी?"

"तपासणीला!" आमच्या ह्यांनी साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"आता या वयात?"

"बैल घेताना लोक दात बघतेत. माझे लग्नात कोणी बघितलेच न्हाईत. म्हणलं आता तरी बघून घ्यावेत!"

चौघेही पोट धरून हसले. हरिओमकडं कोणी बघितलंही नाही. पॅसेंजर आली, दोघे चढले. मी फलाटावर उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते आनंदाचं होतं असं मुळीच नाही. एका पोराच्या साध्या तपासणीसाठी एका म्हाताऱ्या माणसाला सगळ्या गावाचं हसू अंगावर घ्यावं लागतं, याचा संताप होता तो. माझ्या नवऱ्याची अब्रू पदर करून त्या पोरावर पांघरावी लागली. का? कारण कानात सांगितलेलं कोणीतरी लिहून ठेवलं, आणि ज्याच्या हाती लागलं त्याला ते वाचायचा हक्क वाटला.

माझा राग अजून गेलेला नाही. भटजी म्हणाले, दोनदा मौन मोडलंत, प्रायश्चित्त घ्या. मी नाही म्हणाले. देवाला सांगितलंय, तुझं काही राहिलं असेल तर माझ्याकडून वसूल कर, पण याचं प्रायश्चित्त मी घेणार नाही. मागच्या आठवड्यात निकिता हसत सांगत आली. आबासाहेबांनी तिला गुपचूप विचारलं, ते विसरणारं यंत्र माझ्या फोनातही बसवतीस का? तिनं बसवून दिलं. मी असते तर दिलं असतं का, कोण जाणे. स्वतःवर आली की पडदा हवा! पण बसवायलाच पाहिजे. पडदा सगळ्यांना हवा. त्यांनाही. हेच गिळायला मला जड जातं.

पोळा झाला. प्रियंका इथंच आहे, तिसऱ्या घरात. सरजाबाई हल्ली गंगाखेडचं नाव काढत नाहीत. का काढत नाहीत ते त्या घरातल्या दोघांना माहीत आहे.

रिपोर्ट काय आला, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्या ह्यांनी त्या दिवशी खोटं नको म्हणून तिथंच आपली साखर तपासून घेतली. तो रिपोर्ट सांगते. दोनशे दहा निघाली. आता माझ्याबरोबर त्यांचेही उपास चालू आहेत, आणि भात बघितला की ते माझ्यावर चिडतात.

दुसरा रिपोर्ट विचारू नका.